धुळीच्या मशीनला झालर

आमच्या आत्याच्या घरात एकही वस्तू उघडी नसते. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, फ्रिजच्या हँडलला वेगळं कव्हर, मिक्सरला कव्हर. गॅस सिलिंडरला परकर नेसवल्यासारखं नाडीचं कव्हर. रिमोट अजून दुकानातून आला त्याच प्लास्टिकमध्ये आहे आणि त्याची बटणं वरून चाचपून दाबावी लागतात, त्यामुळे बातम्या लावायला गेलं की कीर्तन लागतं. ही सगळी कव्हरं आत्या जुन्या सुती लुगड्यांची स्वतः शिवते, कापड तीनपदरी घेते आणि प्रत्येकाला खालून झालर लावते. पाहुणे येणार असं कळलं की कव्हरं निघतात, पाहुणे गेले की पुन्हा चढतात.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहते चिखलदऱ्याला, म्हणजे परतवाड्याहून घाट चढून गेल्यावर लागतं त्या आमच्या वऱ्हाडच्या एकुलत्या एक थंड गावात. तिचे यजमान जंगल खात्यात होते. त्यांनी तिथे एक छोटं घर बांधलं, ते गेले, आणि आत्या तिथेच राहिली. मूलबाळ नाही. सोबतीला कव्हरं आहेत.

मी अमरावतीला कॉलेजात भूगोल शिकवते. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोक शहाण्यासारखे वागले तर मी कशाला तापेन, हे मात्र कोणी म्हणत नाही. दोन वर्षांपूर्वी मला एका अभ्यासासाठी हवेतली धूळ मोजायची मशीनं मिळाली. प्रश्न साधा होता. आपल्या सपाटीवरची धूळ डोंगरावर चढते का, आणि चढते तर कशी?

आता धूळ चढते कशी, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते आणि ते दरवर्षी विसरतात. चैत्र-वैशाखात नांगरून टाकलेली काळी जमीन तव्यासारखी तापते. तिच्यावरची हवा तापते, हलकी होते आणि वर निघते. वर जाताना एकटी जात नाही, वावरातला फुफाटा, रस्त्यावरची माती, कापसाच्या जिनिंगचा भुसकट-कचरा, चुलीचा धूर, सगळं बिऱ्हाड घेऊन जाते. दुपारी डोंगराचा उतारही तापतो, मग त्या उताराला धरून वारा वर चढतो आणि धूळ आयती डोंगरमाथ्यावर पोचते. रात्री सगळं थंड झालं की वरची हवा पुन्हा निवळते. हिवाळ्यात तर खालची गार हवा झाकण ठेवल्यासारखी खालीच बसते, आणि डोंगर त्या झाकणाच्या वर राहतो. एवढंच आहे. यात विसरण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

मशीनही सोपं होतं. खाली पंप, वर छत्रीसारखं टोपण, मध्ये एक पांढरा गोल कागद. पंप हवा ओढतो, कागद ती गाळतो, धूळ कागदावर राहते. चहाची गाळणीच, फक्त महाग. एक मशीन मी अमरावतीला कॉलेजच्या गच्चीवर ठेवलं, एक अकोल्याला बाबांच्या गच्चीवर आणि एक चिखलदऱ्याला आत्याच्या गच्चीवर. आत्याला बजावून सांगितलं, याला हात लावायचा नाही.

"मी कायले हात लावू बाप्पा," आत्या म्हणाली. "तुही वस्तू, तुही जिम्मेदारी."

बाबांविषयी सांगितलं पाहिजे, कारण खरं प्रकरण त्यांचंच होतं. बाबांनी उभा जन्म अकोल्यात जिनिंग फॅक्टरीत काढला. कापसाची कस्पटं छातीत जाऊन बसली ती बसलीच. रिटायर झाल्यापासून त्यांना दम लागतो. बोलताना मध्ये थांबतात, श्वास घेतात आणि मग पुन्हा त्याच शब्दापासून भांडण पुढे नेतात. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून जपा, बाहेर जाताना नाकाला मास्क लावा. बाबांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि एकही केलं नाही. अकोल्यात धुळीपासून जपायचं म्हणजे पाण्यात राहून ओलं न होण्यासारखं. आणि मास्कचं नाव काढलं की म्हणायचे, "मुसकं बैलाले बांधतात. मी बैल आहे काय?" मी म्हणायचे, बैल निदान ऐकतो तरी. मग दोन दिवस आमचं बोलणं बंद.

आई गेल्यापासून ते त्या घरात एकटेच. मी अमरावतीला या म्हटलं तर म्हणायचे, तुझ्या फ्लॅटमध्ये अंगण नाही. अंगणात बसून धूळच खायची असते, पण स्वतःच्या अंगणातली.

मशीन आलं आणि बाबांना उद्योग मिळाला. दर पंधरवड्याला मी कागद बदलायला जायचे. अकोल्याचा कागद निघायचा काळाकुट्ट, तव्याचं बूड. चिखलदऱ्याचा निघायचा पांढरा, फार तर दुधावरच्या सायीसारखा पिवळसर. मी काम झालेले जुने कागद त्यांना दाखवायचे, तेव्हा त्यांनी दोन मागून घेतले आणि एका पाटीवर शेजारी शेजारी चिकटवून बैठकीत टांगले. येईल त्याला दाखवायचे. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, सत्यनारायणाच्या भटजींना. "हे अकोला, हे चिखलदरा. पाह्य फरक. माही पोरगी मोजते." मला बरं वाटायचं. बापाने पोरीचं कौतुक करावं असं कोणाला वाटत नाही?

खरं सांगायचं तर मला तो चिखलदऱ्याचा कागद खुपत होता. हिवाळ्यात पांढरा निघाला, ते ठीक होतं, झाकणाच्या वर होता. पण मार्च गेला, एप्रिल आला, खाली वावटळी उठायला लागल्या, तरी कागद पांढराच. माझं सगळं शिकवणं खोटं पडायची वेळ आली. मी पंप तपासला, नळी तपासली. पंप व्यवस्थित हवा ओढत होता. आत्याला विचारलं, मशीन चालू असतं ना? "दिवसरात घरघरते," ती म्हणाली. "तुह्या बापासारखं."

आणि अशात बाबांचा फोन आला. आवाजात उत्साह होता, म्हणजे काहीतरी बिघडलं होतं. म्हणाले, "म्या ठरवलं. हे घर विकतो अन् बाईकडे चिखलदऱ्याले जातो. कायमचा." थोरल्या बहिणीला ते बाई म्हणतात. शेजारचा टाइल्सवाला कधीचा ती जागा मागत होता, गोदामासाठी. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी त्याला शब्द द्यायचा, हेही ठरलं होतं. मी म्हटलं, बाबा, घाई करू नका. ते म्हणाले, "घाई कायची? तुह्याच कागदावर पांढरं लिवून आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या कागदावर माझाच विश्वास बसत नव्हता त्याच्या भरवशावर हा माणूस राहतं घर विकायला निघाला होता. आणि तिथे जाऊन दम लागतच राहिला तर परत यायला अंगणही उरणार नव्हतं. बाबा जगात एकाच माणसाचं ऐकतात, आणि ती चिखलदऱ्याला होती. मी कॉलेजातून सुट्टी टाकली आणि निघाले. रागात आत्याला फोन करायचा राहून गेला.

हे आमच्याकडे कधी होत नाही. आत्याकडे न कळवता जायचं नाही, तिला स्वयंपाक करायचा असतो, ही घरातली जुनी शिस्त. परतवाड्याला बसमधून उतरून जीप धरली, घाटात दोनदा गाडी तापली, माझं डोकं तिसऱ्यांदा तापलं, आणि भर दुपारी मी तिच्या दारात उभी राहिले.

आत्याने दार उघडलं. मला पाहून हसली नाही, ये म्हणाली नाही. "फोन नाही केला?" एवढं म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे जायचं सोडून जिन्याकडे निघाली, तिच्या गुडघ्यांना न शोभणाऱ्या वेगाने. मी मागोमाग गेले.

गच्चीवर माझं मशीन जांभळं लुगडं नेसून उभं होतं. डोक्यापासून पंपापर्यंत झाकलेलं, कमरेला नाडी, खाली झालर. आतून घरघर चालू होती.

मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी आवाज बसल्यावर विचारलं, "कावून झाकलं आत्या?"

"धूळ बसून राहिली होती त्याच्यावर," आत्या म्हणाली.

"आत्या, ते धुळीचंच मशीन आहे."

"म्हणून काय मळू द्यायचं? एवढी महागाची वस्तू." तिने नाडी सोडली, कव्हर झटकलं आणि माझ्यासमोर उजेडात धरलं. "हे पाह्य. किती घाण बसते. दर आठवड्याले धुवा लागते, चहासारखं पाणी निघते. हे नसतं लावलं तं सारी तुह्या मशीनीत गेली असती."

जिथे मशीनचं तोंड येत होतं तिथे कव्हरावर ताटलीएवढा काळपट तपकिरी डाग होता. माझी सगळी धूळ तिथे होती. वर्षभराचा माझा अभ्यास या बाईने दर आठवड्याला निरमा लावून धुतला होता. आणि मी दर वेळी फोन करून येत होते, म्हणजे पाहुणी होते, म्हणून मला मशीन दर वेळी उघडंच दिसत होतं.

मी खाली बसले. आत्याने पाणी आणलं. ती माझ्यावर रागावलेली नव्हती, उलट मला उन्हाचा त्रास झाला असं तिला वाटत होतं. थोड्या वेळाने मी म्हटलं, "तुझ्या या कव्हरापायी बाबा इथे राहायला यायचं म्हणतात. कायमचे."

"माईत आहे मले," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. मला मागची खोली दाखवली. चुना मारून झाला होता, खाटेवर नवी गोधडी होती, खाटेच्या पायांनाही कव्हरं होती. भाऊ येणार म्हणून ती महिनाभर तयारी करत होती. इतकी वर्षं एकटी राहिलेली बाई. माझा राग थोडा कमी झाला, पण थोडाच.

"अन् त्यासाठी अकोल्याचं घर विकून राहिले," मी म्हटलं.

"कोनचं घर?"

"त्यांची किती घरं आहेत आत्या?"

ती खाटेवर बसली. गोधडीची घडी नीट करत राहिली, ती आधीच नीट होती. मग म्हणाली, "ते विकलं तं मी माहेरी कुठं जाऊ?"

सत्तरी ओलांडलेली बाई. आई-वडील कधीच गेलेले, वर्षातून एकदा पोळ्याला नाहीतर दिवाळीला जाणार, चार दिवस राहून भावाशी भांडून परत येणार. पण तेवढं तिचं माहेर होतं. बाबांनी मला विचारलं नव्हतं, तिलाही विचारलं नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी पुन्हा कव्हरावर ओरडले.

"चाल वर," आत्या उठून म्हणाली. "लाव तुहा नवा कागद. राहू दे उघडं. काय निघते ते पाहू."

अक्षय्य तृतीयेला अजून काही दिवस होते. मी तिथेच राहिले. मशीन आयुष्यात पहिल्यांदा उघड्याने चाललं आणि आत्या दिवसातून दहादा गच्चीवर जाऊन त्याच्याकडे हळहळून पाहून यायची. सकाळी गच्चीवरून खाली सपाटीपर्यंत लख्ख दिसायचं. ऊन चढलं की खालून मळका पडदा उठायला लागायचा, दरी भरत भरत वर यायचा, आणि दुपारी समोरचा डोंगर पुसून जायचा. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. आत्या इतकी वर्षं याला धुकं समजत होती. मे महिन्यात कसलं धुकं, म्हटलं, तर म्हणाली, थंड गावात काहीही असते.

कागद निघाला तो तपकिरी. अकोल्याइतका काळा नाही, पण पांढरा म्हणायची सोय नव्हती. माझं शिकवणं खरं ठरलं म्हणून मला आनंद झाला, आणि बाबांना काय सांगायचं म्हणून लगेच तो गेला.

सणाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खाली उतरलो. जगातला प्रत्येक माणूस त्या उन्हात वर चढत होता, जीपवाल्याने आम्हाला दोनदा विचारलं, नक्की खाली जायचं ना. आत्याच्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात डबीत ठेवलेला कागद होता, आणि घडी केलेलं जांभळं कव्हर.

अकोल्याला पोचलो तेव्हा बाबांनी वाडवडिलांची घागर भरून पूजा उरकली होती आणि स्वतःच्या हाताने आमरस करून ठेवला होता, गाठींसकट. बहिणीला पाहून म्हणाले, "मीच तिकडं येनार होतो नं बाई, तू कायले खाली आली?" आत्याने डबी उघडून कागद त्यांच्या हातात दिला.

"हे कुठलं?"

"माह्या गच्चीवरचं."

बाबांनी चष्मा लावला. भिंतीवरच्या पाटीजवळ गेले, तिथल्या पांढऱ्या कागदाशेजारी हा धरला, मग काळ्याशेजारी धरला. मी कव्हराची सगळी हकिकत सांगितली. त्यांना राग येईल, निदान धक्का बसेल, म्हणून मी पाण्याचा पेला हातात घेऊन उभी होते. बाबा बराच वेळ कागद नाकाजवळ धरून पाहत राहिले.

"म्हणजे हे आपल्या अकोल्याची धूळ," ते म्हणाले.

"अकोल्याची, अमरावतीची, सगळ्या वऱ्हाडाची," मी म्हटलं.

"तेवढा घाट चढून गेली?" त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "मले तं परतवाड्यातच दम लागते. अन् या धुळीले काहीच नाही." मग हसायला लागले, हसता हसता खोकले, आणि खोकता खोकता बसले. आत्या त्यांची पाठ चोळत राहिली.

श्वास जागेवर आला तेव्हा ते हसत नव्हते. म्हणाले, "मंग मी कुठं जाऊ, बाई?" बाबांना असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"हिवाळ्यात माह्याकडे ये," आत्या म्हणाली. "तवा वर सफा असते, हे पोरगीच सांगते. पावसाळ्यात नोको येऊ. तिथं चार चार दिवस कपडे वाळत नाही, तुही छाती कशी वाळन? अन् उन्हाळ्यात मी इथं येईन."

"मे महिन्यात? अकोल्याले? पागल झाली काय तू?"

"माहेरी येईन. त्याले उन्हाळा कायचा." मग आवाज बदलून म्हणाली, "पण घर विकून आला नं बाबू, तं तुले दार उघडणार नाही मी."

संध्याकाळी टाइल्सवाला आला. बाबांनी त्याला शब्दाऐवजी आमरस दिला आणि भिंतीवर नव्याने चिकटवलेला तिसरा कागद दाखवला. "हे पाह्य. आपली धूळ चिखलदऱ्याले पोचते." तो बिचारा गाठींचा रस संपवून निघून गेला.

त्याच संध्याकाळी आत्याने आईचं शिवणयंत्र उघडलं. त्यालाही कव्हर होतं, तिनेच पूर्वी शिवून दिलेलं. तिने पिशवीतलं जांभळं कव्हर काढलं, कात्री घेतली आणि डाग सोडून बाकीचे तुकडे कापले. दोन पट्ट्या निघाल्या, तीनपदरी, दोन्हीकडे नाड्या. बाबा शेजारी बसून पाहत होते. त्यांना कळलं तेव्हा ते उठायला लागले.

"मुसकं नाही बांधणार मी."

"बस," आत्या म्हणाली. "मशीनीले बांधलं तं कागद पांढरा राह्यला. तुह्या नाकाले बांधलं तं तू राहशीन."

डॉक्टरांचं सांगून झालं होतं, माझं भांडून झालं होतं. बाबांनी बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "झालर तरी काढ."

"झालर राहीन," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या कानामागून नाडी बांधली.

गेल्या मे महिन्यात मी अकोल्याला न कळवता गेले. आता मी कुठेच कळवून जात नाही. अख्खं वऱ्हाड चिखलदऱ्याला गेलं होतं आणि आमची आत्या अकोल्यात कूलरसमोर बसून भेंडी चिरत होती. कूलरला कव्हर होतं, पाठीमागून, हवेची वाट तेवढी सोडून. मी आधी गच्चीवर धावले. मशीन उघडं होतं. कागद बदलला, तो नेहमीसारखा काळा होता.

खाली आले तर बाबा बाजारातून स्कूटरवर येत होते. नाकावर जांभळी पट्टी, हनुवटीखाली झालर वाऱ्यावर उडत होती. चौकातली पोरं त्यांच्याकडे पाहून हसतात म्हणे. बाबा त्यांना थांबवून डोंगरावर धूळ कशी चढते ते पहिल्यापासून समजावतात, त्यामुळे आता हसायला कोणी थांबत नाही.

त्यांनी पट्टी सोडून आत्याच्या हातात दिली. आत्याने चिरलेली भेंडी बाजूला सारली, पट्टी उलटी केली आणि खिडकीच्या उजेडात धरली, मी कागद धरते अगदी तशी. बाहेरून ती काळी होती. आतून अजून स्वच्छ जांभळी होती. तिने दोन्ही बाजू नीट पाहिल्या, पट्टी पाण्याच्या बादलीत टाकली आणि बाबांना म्हणाली, "उद्याची दोरीवर आहे."